माझ्या अक्षरातलं कुलूप

दुसऱ्यांच्या हजेरीपटातली खोटी नावं शोधून काढण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली. आमच्या चर्चच्या शिक्षण मंडळात माझा हुद्दा 'शाळा तपासनीस' असा होता. नगर जिल्ह्यात मंडळाच्या खेडोपाडी शाळा होत्या. त्या फिरून बघायच्या. मास्तर वेळेवर येतात का, पोरं वाचतात का, छप्पर गळतं का, हे मंडळाला कळवायचं, एवढंच माझं काम. सरकारी साहेबही तपासणीला यायचे, नाही असं नाही. पण ते जीपमधून यायचे आणि चहा होईपर्यंत थांबायचे. मी एसटीनं जायचो आणि परतीची गाडी चुकली की मास्तरांच्याच ओसरीवर अंग टाकायचो. त्यामुळं मला जरा जास्त दिसायचं.

स्वभावानं मी कडक. उगाच गोड बोलणं मला कधी जमलं नाही. घरी आमची बायको म्हणायची, "तुम्ही स्वर्गाच्या दारात गेलात तरी आधी तिथला हजेरीपट मागाल." मागितलाही असता! त्यात चुकीचं काय?

मिशनची शाळा म्हटलं की शहरातल्या माणसाला टाय, बूट आणि इंग्रजी गाणी आठवतात. आमच्या शाळा तसल्या नव्हत्या. अस्सल मराठी शाळा. दोन खोल्या, एक हॉल, बाहेर लिंबाचं झाड, झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा, तीच घंटा. गावात ख्रिस्ती घरं चार-पाच. बाकी पोरं बौद्ध वस्तीतली, शेतकऱ्यांची, मजुरांची. आणि हॉल म्हणजे काय, तर सोमवार ते शनिवार शाळा आणि रविवारी देऊळ. फळा पूर्वेच्या भिंतीला असायचा, क्रूस पश्चिमेच्या. आठवडाभर पोरं फळ्याकडं तोंड करून बसायची, रविवारी मंडळी त्याच सतरंजीवर उलटी फिरून बसायची. कित्येक गावांत शिकवणारा मास्तर आणि उपासना घेणारा मास्तर एकच असायचा. यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नाही.

प्रवरेच्या काठी, कोल्हारच्या बाजूला आमची एक शाळा होती. तिथल्या मास्तरांच्या हजेरीपटात नेहमी पंचेचाळीस पोरं, आणि गेलं की पंचेचाळीस हजर. मला संशय आला. एकदा मी मधल्या सुट्टीनंतर म्हटलं, "चला, सकाळची प्रार्थना म्हणून दाखवा." झालं! अर्ध्या पोरांनी आमची प्रार्थना सुरू केली आणि अर्ध्यांनी भलतीच. मास्तरांनी मी येणार म्हणून शेजारच्या शाळेतली वीस पोरं उसनी आणली होती. तेव्हा मला हसू आलं, पण अहवाल लिहिताना मी हसलो नाही. त्या मास्तरांना मंडळापुढं उभं राहून माफी मागावी लागली. पट कमी दिसला की शाळा बंद होईल, ही त्यांची भीती होती, हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "खोटं ते खोटं." त्या दिवसापासून मंडळात माझ्या शब्दाला वजन आलं. मला सगळे गुरुजी म्हणत; 'गुरुजींनी लिहिलंय ना, मग बघायला नको,' असं बोललं जायचं. मला ते फार आवडायचं, हे आता कबूल करतो.

सगळीकडं असाच वागलो असं मात्र नाही. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला एक शाळा होती, एसटीतून उतरून दीड तास चढायचं. एकदा भाताच्या लावणीत गेलो तर शाळेत चिटपाखरू नाही. मास्तर स्वतः गुडघाभर चिखलात. म्हणाले, "साहेब, आज तपासणी बांधावर घ्या." घेतली. एका वाफ्याला रोपांच्या किती जुड्या लागतील, साडेतीन वाफ्यांना किती, असे हिशेब पोरांनी चिखलात उभं राहून चटाचट सांगितले. मी 'उपस्थिती समाधानकारक' असं लिहिलं. आता शाळेत उपस्थिती होती की बांधावर, ते मला कुणी विचारलं नाही.

मग नव्वद साल उलटलं आणि मंडळानं ठरवलं की खेड्यातल्या शाळा गावाच्या स्वाधीन करायच्या. जुन्या मिशनरी लोकांना जाऊन जमाना झाला होता. एवढा पसारा नगरच्या एका कचेरीतून ओढणं जमेना. गावंही शहाणी झाली होती. आपली शाळा आपण का चालवू नये, असं लोक विचारू लागले होते, आणि ते बरोबरच होतं. पद्धत अशी ठरली: गावातल्या पालकांनी, माजी विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी मिळून एक संस्था नोंदवायची. शिक्षण खात्याची मंजुरी आली की मंडळानं शाळा, दप्तर आणि मास्तरांची सेवापुस्तकं त्या संस्थेच्या ताब्यात द्यायची. चर्चकडं काय राहणार? समितीवर एक माणूस, नाताळची सुट्टी, आणि उपासनेच्या इमारती. गावोगाव फिरून हे पार पाडायचं ते मी. ज्या शाळा सांभाळण्यात जन्म घालवला, त्याच सोडून देण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

कोल्हारकडची शाळा दोन महिन्यांत सुटली. मास्तर लोकांनी एकच प्रश्न विचारला, आमच्या सेवापुस्तकावर सही कोण करणार. डोंगरातली शाळा घ्यायला कुणी पुढंच येईना, शेवटी पोरं खालच्या गावच्या शाळेत गेली. तिथं मी निरोपाला गेलो तेव्हा मास्तरांनी तांदळाची पिशवी हातात दिली.

पण मला सांगायचंय ते पाथर्डीकडच्या शाळेचं. गावाचं नाव लिहीत नाही.

पाथर्डी तालुका कोरडा. दसरा झाला की तिकडची निम्मी गावं रिकामी होतात. ट्रक येतात, ट्रॅक्टर येतात, नवरा-बायको, म्हातारी, कोंबड्या, भांडीकुंडी सगळं चढतं आणि ऊस तोडायला कारखान्यांवर जातं. ते एकदम उन्हाळ्यात परत. शाळेत जाणारं पोर बरोबर गेलं की त्याचं वर्ष गेलंच म्हणून समजा. दोन वर्षं अशी गेली की पोर शाळेचं नाव घेत नाही. पोरगी असली तर धाकटं भावंड सांभाळायला ती हमखास जाते.

तिथल्या मुख्याध्यापिका मार्थाबाई. ठेंगण्या, सावळ्या, आवाज मात्र असा की लिंबावरचे कावळे उडावेत. नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही, शाळेच्या मागच्या दोन खणांत राहायच्या. त्यांनी काय केलं, तर दसऱ्याच्या आधी घरोघर फिरायच्या आणि आयांना सांगायच्या, "पोर माझ्याजवळ ठेव. चार पायल्या बाजरी आणि एक वाकळ दे, बाकी मी बघते." असं करत करत दर हंगामाला चाळीसेक पोरं हॉलमध्ये मुक्कामाला राहायची. गावातल्या दोन म्हाताऱ्या भाकरी थापायला यायच्या. वाकळा, म्हणजे गोधड्या, दिवसा कोपऱ्यात रचलेल्या असायच्या. रविवारी मंडळी उपासनेला बसली की ही पोरंही वाकळांना टेकून बसायची. याला वसतिगृह म्हणत नाहीत. कुठल्याच कागदावर ते नव्हतं. बाईंनी चालवलं म्हणून ते चालत होतं.

एका वैशाखात वादळ झालं आणि हॉलचे पत्रे उडून ओढ्यात पडले. मी पाहणीला गेलो. बाई म्हणाल्या, "गुरुजी, दसऱ्याच्या आत छप्पर झालं नाही तर पोरं ठेवू कुठं?" मंडळाची रीत मला पाठ होती. शाळेच्या दुरुस्तीचा अर्ज केला की नंबर लागायला दोन-तीन वर्षं. उपासनेच्या इमारतीचा अर्ज केला की काम लगेच. माझ्या वार्षिक अहवालात 'इमारतीचा उपयोग' असा एक रकाना असायचा. त्यात मी त्या हॉलपुढं दरवर्षी 'शाळा' लिहीत आलो होतो. त्या वर्षी 'उपासना मंदिर' लिहिलं. पूर्ण खोटंही नव्हतं ते, पश्चिमेच्या भिंतीला क्रूस होताच की! पावसाच्या आत पत्रे आले. बाई हसून म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही पण?" मी म्हटलं, "गप्प बसा." त्या वेळी माझी छाती फुगली होती. पुढं दरवर्षी मी तोच शब्द लिहीत गेलो, कारण एकदा लिहिलेलं बदललं तर कुणीतरी कारण विचारलं असतं.

आता शाळा स्वाधीन करायची वेळ आली. गावानं संस्था नोंदवली. अध्यक्ष झाले दगडूबा मुकादम. हे आमच्याच शाळेत चौथीपर्यंत शिकलेले, आता ऊसतोड्यांच्या टोळ्या नेणारे. पांढरं धोतर, मोठा आवाज, पण बाईंसमोर आले की टोपी हातात. कुणीतरी शाळेचं नाव बदलायचं काढलं तर तेच म्हणाले, "नाव ऱ्हाऊ द्या. तुमी पाटीवर काय बी लिवा, लोकं मिशनचीच साळा म्हननार."

कराराचा मसुदा नगरच्या कचेरीत तयार झाला. मंडळाचे सचिव रेव्हरंड साहेब, शिस्तीचे आणि सरळ माणूस. त्यांनी मसुदा माझ्यापुढं सरकवला. दोन खोल्या, कचेरी, मैदान नव्या संस्थेकडं. उपासना मंदिर चर्चकडं. उपासना मंदिर म्हणजे पोरं झोपायची तोच हॉल. ते म्हणाले, "तुमच्या अहवालांवरूनच घेतलंय, म्हणून पुन्हा पाहणी केली नाही. गुरुजींनी लिहिलंय म्हणजे झालं."

तिथंच बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. साहेब, तो हॉल शाळेचा आहे, पत्र्यांसाठी मी वेगळं लिहिलं. पण ज्यानं त्या बिचाऱ्या मास्तरांना वीस पोरांपायी मंडळापुढं उभं केलं, त्यानं स्वतः इतकी वर्षं खोटं लिहिलं, हे माझ्या तोंडून निघेना. मी मनाची समजूत घातली की कागदावर काही का असेना, पोरं झोपायला कोण नाही म्हणणार आहे? मूग गिळून बसलो आणि मसुद्याखाली सही केली.

स्वाधीन करण्याचा कार्यक्रम झाला तेव्हा दसरा पंधरा-वीस दिवसांवर होता. लिंबाखाली मांडव, नारळ, हार. रेव्हरंड साहेबांनी प्रार्थना केली, दगडूबांनी भाषण केलं, त्यात रडलेही. मग साहेबांनी खिशातून नवं कुलूप काढलं आणि हॉलच्या दाराला लावलं. रविवारी उपासना घ्यायला पाथर्डीहून येणारे पाळक ते उघडणार होते.

दगडूबांना आधी कळलंच नाही. "साहेब, ह्ये काय? पोरं कुठं ठिवायची आमी?"

साहेब शांतपणे म्हणाले, "दगडूबा, तुमच्याबद्दल मनात काही नाही. पण दोन ठिकाणी उपासनेच्या जागा अशाच वापराला दिल्या आणि परत मिळाल्या नाहीत. वकिलांनी सांगितलंय, ताबा सोडायचा नाही. शाळेची जागा आम्ही पूर्ण दिलीय. ही जागा शाळेची कधीच नव्हती." त्यांनी गेल्या काही वर्षांच्या माझ्या अहवालांची फाईल उघडून दाखवली. ओळीनं माझं अक्षर.

साहेबांचं काय चुकलं? काहीच नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

मार्थाबाईंनी फाईलकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्या चारचौघांत एका शब्दानं मला उघडा पाडू शकल्या असत्या. मंडळी पेढे खायला पांगली तेव्हा जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तुम्ही सांगता, का मी सांगू?"

मी म्हणालो, "जरा थांबा. मी बघतो."

"दसरा थांबणार नाही, गुरुजी."

"बघतो म्हटलं ना!" मी त्यांच्यावर खेकसलो. चूक माझी, आणि आवाज चढवला त्यांच्यावर.

नगरला आलो. रोज सकाळी ठरवायचो, आज साहेबांना सांगायचं. रोज काहीतरी निघायचं. साहेब घाईत आहेत, साहेबांकडं पाहुणे आहेत. खरं कारण एकच, मला माझं नाव प्यारं होतं. एकदा तर त्यांच्या दारापर्यंत गेलो, त्यांनी "या, या" म्हटलं, आणि मी दौऱ्याच्या तारखा विचारून परत आलो. दसरा झाला. आणखी एक आठवडा गेला. मग मार्थाबाईंचं पोस्टकार्ड आलं. त्यात नमस्कार नाही की सलाम नाही.

'माझ्या घरात अकरा मुली ठेवल्या. खोल्यांत मिळून चौदा मुलगे. जास्त मावत नाहीत. बाकीची गेली. कौसा गेली.'

कौसा म्हणजे कौसल्या. सहावीत होती. गणितात एवढी चलाख की तपासणीला गेलो की मी मुद्दाम तिला अवघड उदाहरण घालायचो आणि ती पाटी न घेता उत्तर सांगायची, वर विचारायची, "अजून एक घाला की गुरुजी." तिचा बाप दर दसऱ्याला तिला न्यायला बसलेला असायचा आणि मार्थाबाई दर दसऱ्याला त्याच्याशी भांडून तिला ठेवून घ्यायच्या. दोन वर्षं त्यांनी ती अशी राखली होती. या वर्षी भांडायला जागाच नव्हती.

त्या कार्डानं तोंडात मारल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी मंडळाची बैठक होती. विषयपत्रिका सुरू व्हायच्या आधी मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. वादळ, पत्रे, रकाना, सही, आणि दसऱ्याच्या आधीचं माझं गप्प बसणं. रेव्हरंड साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते म्हणाले, "पत्र्यांचं मी विसरलो असतो, गुरुजी. पण मसुदा तुमच्या हातात दिला होता मी. तेव्हा का नाही बोललात?"

मी खरं तेच म्हटलं, "लाज वाटली."

हॉल शाळेला द्यायचा ठराव त्याच बैठकीत झाला. रविवारी दोन तास उपासनेला मिळावेत एवढीच अट. दुसरा ठराव माझ्याबद्दल होता. तपासणीचं काम माझ्याकडून काढून घेतलं आणि मला कचेरीत जावक-बारनिशीच्या टेबलावर बसवलं. निवृत्तीपर्यंतची वर्षं मी पाकिटांवर पत्ते लिहीत काढली. ते योग्यच झालं. पण पहिल्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नाही.

ठरावाची प्रत आणि किल्ली घेऊन मीच गेलो, तेवढी विनंती साहेबांनी मान्य केली. ठरावाचे कागद तयार होईपर्यंत दिवाळी होऊन गेली होती. गाव रिकामं. दगडूबा पारावर एकटेच बसले होते, पोराला टोळीवर पाठवून स्वतः मागं राहिले होते. किल्ली बघून म्हणाले, "आता आनली व्हय? टोळ्या गेल्या की हो गुरुजी. लई येळ केला तुमी." मी ठरावाची प्रत पुढं केली. तेच म्हणाले, "चला, जीप काढतो. जेवडी येतील तेवडी आनू."

मार्थाबाईंनी किल्ली घेतली, हॉल उघडला, झाडू हातात घेतला. जीप निघताना खिडकीशी येऊन एवढंच म्हणाल्या, "कौसाला आणा."

प्रवरेच्या पट्ट्यात उसाच्या फडांजवळ त्यांच्या कोप्या असतात, पाचटाच्या झोपड्या, आत माणूस वाकूनच जातो. दिवसभर आम्ही एका फडावरून दुसऱ्या फडावर फिरलो. दगडूबांचा शब्द लोक मोडत नव्हते. नऊ पोरं मिळाली. कौसा आम्हाला कोल्हारच्या अलीकडं सापडली. कोपीपुढं चुलीवर काहीतरी शिजत होतं, तिच्या कडेवर भाऊ होता, पाच-सहा महिन्यांचा. मला बघून हसली. "गुरुजी, तुमी हिकडं कसं?"

तिचा बाप कोयता ठेवून आला. दगडूबांनी सांगितलं, हॉल उघडलाय, पोरगी दे. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "मुकादम, साळंत जागा असती तर म्या आनली नसती. मार्थाबाईनं ठिवूनच घेतली असती, मला ठावं हाय. पर आता म्हातारीला मागं सोडून आलो, का तर कौसी हाय पोरगं बघाया. आता हिला नेली तर ह्याची आई फडात कशी जाईल? कोयता मोडल की आमचा." कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस तोडतो, पण मोळी बांधून डोक्यावर देणारं दुसरं लागतं.

मी कौसाला विचारलं, "येतेस?" तिनं बापाकडं बघितलं नाही, आईकडंही नाही. कडेवरच्या भावाकडं बघितलं आणि म्हणाली, "पुढल्या साली येते गुरुजी. बाईला सांगा, पाडे पाठ हायेत."

पुढच्या साली तिचं लग्न झालं. तेरा-चौदा वर्षांची होती.

मार्थाबाई पुढं माझ्याशी पूर्वीसारख्या बोलायला लागल्या, चहाही द्यायच्या. कौसाचा विषय मात्र त्यांनीही काढला नाही आणि मीही नाही. त्या निवृत्त झाल्या, मग आजारी पडल्या, मग गेल्या. शाळा दगडूबांच्या संस्थेनं चांगली चालवली, मंडळानं चालवली असती त्याहून चांगली, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. हॉलला सिमेंटचं छप्पर झालं, मागं न्हाणीघरं झाली, आणि हंगामात पोरं ठेवण्याला सरकारदरबारीही 'हंगामी वसतिगृह' असं नाव मिळालं. मी निवृत्त झाल्यावर दगडूबांनी निरोप धाडला की दसऱ्याच्या आधी आठवडाभर येत जा, पालकांचे फॉर्म भरून द्यायला माणूस लागतो. तेव्हापासून दरवर्षी जातो. व्हरांड्यात टेबल टाकून बसतो.

तिसऱ्या का चौथ्या वर्षी एक बाई पोरीला घेऊन पुढं आली. पोरगी सहा वर्षांची, बगलेत वाकळ. मी मान खाली घालून एकेक विचारत होतो. मुलीचं नाव. वडिलांचं नाव. मग आईचं नाव.

"कौसल्या."

मी वर बघितलं. तोंड उन्हानं रापलेलं, हातांना घट्टे. पण डोळे तेच. तिनं मला ओळखलं नव्हतं. माझे केस गेले होते, चष्मा आला होता. मी म्हणालो, "कौसा, मी तपासनीस गुरुजी."

"अगं बया!" ती म्हणाली आणि पटकन डोक्यावरचा पदर नीट केला. "तुमी व्हय? म्या म्हनलं कोन म्हातारं बसलंय."

मग मला राहवलं नाही. मागं रांग होती तरी सांगितलं. त्या वर्षी हॉलला कुलूप लागलं ते माझ्यामुळं. माझ्या हातून चुकीचं लिहिलं गेलं होतं आणि सांगायची हिंमत मी दसरा उलटेपर्यंत केली नाही. वेळेवर बोललो असतो तर तू इथंच राहिली असतीस. लाज सोडून रडलो म्हणा ना.

ती ऐकत होती. रागावली नाही, आणि असू द्या असंही म्हणाली नाही. थोडा वेळ हॉलच्या उघड्या दाराकडं बघत राहिली. आत पोरं आपापल्या वाकळांची जागा धरत होती, एकच गलका चालला होता.

"व्हय का," ती म्हणाली. मग पोरीला पुढं केलं. "हिचा फारम तेवडा नीट भरा गुरुजी. हिला राहू द्या."

मी पेन उचललं. पुढचा रकाना आईच्या शिक्षणाचा होता. मी विचारलं, "सहावी लिहू?"

"सहावीची परीक्षा कुठं दिली म्या," कौसा म्हणाली. "पाचवी लिवा."

मी पाचवी लिहिलं.